लायल ओपीने बुडवलेली डुकरीण

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा लायल ओपी याने चाळीस वर्षांच्या संसारात घरचा एक कप विसळला नाही, पण एक अख्खी बोट टूथब्रशने घासून काढली. मी हे रागाने सांगते आहे असं वाटलं तर वाटू दे. मेव्हणी आहे मी त्याची, मला हक्क आहे. माझ्या बहिणीला, नोलीनला, आता राग येत नाही. तिचा कोटा नऊ वर्षांत संपला.

बोट म्हणजे तरी काय, गाळ उपसायची बोट. कागदावर तिचं नाव ‘प्रुडन्स’, पण पोर्ट ट्रेविनमध्ये तिला सगळे डुकरीण म्हणत, कारण दिवसभर तळाशी तोंड खुपसून चिखल उकरणं हाच तिचा धंदा. गव्हाची मोठी जहाजं जेटीला लागावीत म्हणून तिने आमच्या खाडीचा तळ सव्वीस वर्षं उकरला, आणि सव्वीस वर्षं तिच्या सुकाणूवर लायल होता. उकरलेला चिखल पाण्यात पसरायचा, खालच्या समुद्री गवतावर बसायचा आणि गवत गुदमरून मरायचं. त्या गवतात व्हायटिंग माशांची पिल्लं वाढतात. गवत गेलं तसे व्हायटिंगही गेले. माझ्या लहानपणी जेटीवरून तासाभरात बादली भरायची. पुढेपुढे त्याच जेटीवर लोक दिवसभर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने माझ्या बेकरीत येऊन पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली जाडजूड करंजी, खायचे. माझा धंदा वाढला, खोटं कशाला बोलू.

आमच्या गावची माणसं चांगली आहेत, पण जीभ आवरत नाही कोणाची. लायल क्लबात शिरला की कोणीतरी विचारणारच, काय लायल, एखादा मासा चुकून राहिला का रे खाली? तो हसायचा, बिअर घ्यायचा, कोपऱ्यात बसायचा. घरी मात्र त्याने मासे खाणं सोडलं होतं. नोलीनने एकदा ताटात व्हायटिंग वाढला, दुकानातून आणलेला, तर ताट बाजूला सारून म्हणाला, माझ्या वाट्याचे मी खाऊन बसलोय. हे नोलीनने मला सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो. मला आज त्या हसण्याची लाज वाटते.

तर डुकरीण निवृत्त झाली, आणि तिला भंगारात काढायचं ठरत होतं तेवढ्यात लायलच्या वाचनात आलं की जगात ठिकठिकाणी जुनी जहाजं मुद्दाम बुडवतात. तळाशी बसलेल्या लोखंडावर शेवाळं धरतं, शिंपले चिकटतात, मासे येतात आणि काही वर्षांत तिथे वस्ती होते. गावच्या सभेत जन्मात कधी तोंड न उघडलेला हा माणूस उभा राहिला. टोपी हातात गोल गोल फिरवत म्हणाला, “तिने घेतलंय. तिनेच परत द्यावं.” एवढं बोलून खाली बसला.

मी विरोधात मत दिलं. जुना सोफा रस्त्यावर टाकला तर आपल्याकडे दंड होतो आणि जुनं जहाज समुद्रात टाकलं तर फीत कापतात, हे काय आहे, असं मी तिथल्या तिथे विचारलं. शिवाय लोखंड टाकल्याने मासे वाढतात की इकडचे तिकडे गोळा होतात आणि पकडायला सोपे जातात, हेही मी विचारलं. तरी ठराव माझ्या एका मताविरुद्ध मंजूर झाला. डुकरीण जेटीच्या टोकाला बांधली गेली आणि लायल तिच्यावर चढला. पुढच्या वसंतात बुडवायची, असं तेव्हा ठरलं होतं.

आधी सागरी खात्याने सांगितलं की बोट स्वच्छ हवी, समुद्रात विष जाता कामा नये. बरोबरच होतं ते. लायलने तेल काढलं, वायरी काढल्या, छतातला अ‍ॅस्बेस्टॉस खास माणसं बोलावून काढला. मग शिशाचा जुना रंग काढायला सांगितला, तो काढता काढता तीन वर्षं गेली. शनिवारी गावाचं श्रमदान असायचं. पाच-सहा जण यायचे, अर्धा तास खरवडायचे आणि दोन तास सॉसेज भाजायचे. बाकीचे सहा दिवस लायल एकटा. कोपऱ्यांत ब्रश जाईना, म्हणून टूथब्रश. नोलीन म्हणायची, माझ्या न्हाणीघराला बोटीचा दर्जा मिळवून द्या कोणीतरी.

बोट चकचकीत झाल्यावर पुरातन वस्तूंचं खातं जागं झालं. उपसणीच्या चाकावर चढलेलं वंगण हे त्या काळच्या कामाचा पुरावा आहे, ते पुसायला नको होतं, असं पत्र आलं. लायलने घाबरून पुन्हा वंगण लावलं. सागरी खात्याच्या माणसाने ते बघितलं आणि अहवालात लिहिलं, बोट अस्वच्छ. या दोन खात्यांचं आपसांत जमेपर्यंत आणखी दोन वर्षं गेली. शेवटी वंगण बरणीत भरून वाचनालयात ठेवायचं ठरलं. अजून आहे तिथे, बालविभागाच्या शेजारी.

त्यानंतरची अट ऐकून मी बेकरीत खुर्चीवर बसले. बोट बुडवायच्या जागेपर्यंत ओढत न्यायची तर ती वाटेत बुडणार नाही असा दाखला हवा होता. म्हणजे बुडवायची असेल तर आधी न बुडणारी करून दाखवा. त्यासाठी नवे पंप, नवे दिवे, आठ माणसांची लाइफजॅकेटं, शिवाय आग विझवायचं सामान. मी लायलला म्हटलं, बाबा रे, त्या बोटीपेक्षा तुझ्या घराचं छप्पर जास्त गळतंय. तो म्हणाला, घर बुडवायचं नाहीये ना. दाखला मिळायला आणखी तीन वर्षं लागली. सही-शिक्क्याचा तो कागद त्याने चौकटीत घालून कप्तानाच्या खोलीत लावला.

मग शेवटची तपासणी. पाणबुड्या आला, डुकरिणीखाली उतरला आणि तासभर वर आला नाही. आला तेव्हा तोंडातली नळी काढून म्हणाला की इथे बोट कुठे संपते तेच कळत नाही. नऊ वर्षं एका जागी बांधून ठेवलेल्या बोटीच्या दोन्ही कुशींना स्पंज, शेवाळं, शिंपले, काय काय चिकटलं होतं, आणि त्या शेवाळात लीफी राहायला आले होते. लीफी म्हणजे समुद्रघोड्याच्या नात्यातला मासा, अंगभर पानं फुटलेला. त्याला आमच्या राज्यात धक्का लावायची बंदी आहे. पाणबुड्याने चौदा मोजले होते.

आठवड्याभरात लायलला दोन पत्रं आली. एका खात्याने कळवलं होतं की बोटीवर जे जीव आहेत त्यांना हात लावाल तर गुन्हा. दुसऱ्याने कळवलं होतं की बंदरातले जीव दुसऱ्या जागी नेऊन सोडणं धोक्याचं, म्हणून ओढून नेण्याआधी बोटीचा पाण्याखालचा भाग खरवडून साफ करावा. मुदत तीस जूनची. तोवर बोट हलली नाही तर ती भंगारात जाणार, म्हणजे तेव्हाही खरवडली जाणारच. लायल दोन्ही पत्रं शर्टाच्या एकाच खिशात घालून आठवडाभर फिरला. मग एका सकाळी बेकरीत येऊन म्हणाला की मला ते बघायचंय.

लायलला पोहता येत नाही. पस्तीस वर्षं पाण्यावर काढली, पण पाण्यात तोंड घातलं नव्हतं त्याने. मी त्याला पाण्याखाली बघायचा काचेचा मुखवटा लावला, जेटीच्या खालच्या पायरीवर पालथा झोपवला, त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि डोकं पाण्यात घालायला सांगितलं. वजन आहे त्याचं. माझे हात भरून आले, पाय भिजले, फेब्रुवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात मान भाजली, तरी तो वर यायचं नाव घेईना. मला वाटलं, गेला की काय. पट्टा ओढला तर मागे हात करून थांब म्हणून खूण केली.

वर आला तेव्हा मुखवट्याच्या आत पाणी होतं. बाहेरचं आत गेलेलं नव्हतं.

“एक नर आहे,” तो म्हणाला. “शेपटीला अंडी चिकटवून फिरतोय. गुलाबी. बायको नाही सांभाळत म्हणे त्यांच्यात, नवरा सांभाळतो.”

“नोलीनला सांग हे,” मी म्हटलं.

तो हसला नाही. पायरीवर बसून बोटीकडे बघत राहिला. म्हणाला, मी नऊ वर्षं वरून घासत होतो आणि हे खालून येत होते. मी परवानग्या मागत होतो आणि यांनी कोणाला विचारलंच नाही. मग त्याने मला एकच गोष्ट सांगितली. आता ती बुडाली नाही तरी चालेल, खोल समुद्रात नेऊन समारंभ झाला नाही तरी चालेल, पण हे खरवडलं जाता कामा नये. त्याने सव्वीस वर्षं जे मारलं, त्यातलं एवढंसं परत आलं होतं आणि ते त्याच्याच बोटीला धरून होतं. मी मान हलवली. ठरावाच्या दिवशी विरोधात दिलेलं मत मी त्या पायरीवर मागे घेतलं, पण त्याला बोलून नाही दाखवलं.

त्याने खात्यांना पत्रं लिहिली की बोट आहे तिथेच राहू द्या. उत्तर आलं की जेटीला बांधलेली बोट ही बोट असते, वस्ती नाही. वस्ती व्हायची तर ती तळाशी बसलेली हवी.

मार्चअखेरीला डॉज आला. आमच्या आखातात भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, कधीकधी दोन-तीन दिवस भरती नाही, ओहोटी नाही, पाणी जागचं हलत नाही. त्याला आम्ही डॉज म्हणतो. त्या दिवसांत गावाचंही काही हलत नाही आणि जे काही बिघडेल त्याचं खापर डॉजवर फुटतं. मासे लागले नाहीत, डॉज. पाव फुगला नाही, डॉज. गुरुवारी सकाळी साडेआठला लायल माझ्याकडे आला, दोन पास्ट्या आणि सॉस घेऊन खिडकीपाशी बसला. दहाला त्याला नोलीनला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अ‍ॅडलेडला न्यायचं होतं, ती घरी सामान भरत होती. सव्वानऊपर्यंत तो माझ्यासमोर बसून होता. दुकानात आम्ही दोघंच होतो. खरवडायची तारीख ठरली म्हणाला, जूनचा दुसरा आठवडा. दुसरी पास्टी अर्धी टाकून गेला.

शुक्रवारी जेटीवरचे गळवाले म्हणत होते की डुकरीण जरा बुटकी दिसते. कोणीतरी म्हणालं, डॉज आहे. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. शनिवारी ती तशीच बुटकी होती आणि डॉजही तसाच होता. रविवारी डॉज सुटला, पाणी चढायला लागलं, जेटीच्या बाकीच्या बोटी पाण्याबरोबर वर आल्या, आणि डुकरीण आली नाही. पाणी तिच्या डेकवर चढलं, शिडीच्या पहिल्या पायरीला लागलं, तेव्हा गळवाल्यांनी गळ गुंडाळले. ती बुडून तीन दिवस झाले होते. नऊ वर्षं कोणी गाळ न उपसल्याने जेटीपाशी खोली इतकी कमी झाली होती की सगळी मिळून दोन हात खाली गेली होती.

पाणबुड्या पुन्हा उतरला. बोट सपाट बुडाने उघड्या चिखलावर अलगद बसली होती. बुडाखाली अंधार, तिथे काही उगवलेलं नव्हतंच. कुशींवरची वस्ती जशीच्या तशी दोन हात खाली उतरली होती, लीफी चौदाचे तेरा झाले होते किंवा एक लपला होता. बुडण्याचं कारण साधं होतं. लायलने आतून इतकं घासलं होतं की रंग गेला, गंज गेला, आणि मागच्या बाजूला त्या गंजापलीकडे पत्रा नव्हताच. पंप सुरू झाले असते, पण त्यांच्या बॅटऱ्या सर्वांत आधी पाण्याखाली गेल्या. इंजिनघरातलं घड्याळ नऊ वाजून पाच मिनिटांवर बंद पडलं होतं. न बुडण्याचा दाखला भिंतीवर कोरडा होता.

चौकशीसाठी राजधानीतून फरूजा नावाची तरुण अधिकारी आली. फुटबॉल क्लबच्या खोलीत टेबल मांडलं, एका बाजूला ती, समोर लायल, आणि मी चहा व लॅमिंग्टन केकचा ट्रे घेऊन उभी. बाई शहाणी होती. तिने कागद फिरवून लायलपुढे केला.

“मिस्टर ओपी, इथे दोनच रकाने आहेत. अपघात किंवा हेतुपुरस्सर. तुमचा अपघात आहे. इथे सही करा आणि घरी जा.”

“अपघात लिहिलं तर तिचं काय होणार?”

“नव्वद दिवसांत उचलायची. दोन क्रेन आणि साखळ्या.”

“साखळ्या कुशींना घासणार,” लायल म्हणाला.

लायलने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि इथे लिहिलं तर, असं विचारलं.

“मग ती परवानगीशिवाय तळाशी बसवलेली वस्ती ठरते,” ती म्हणाली. “ती हलवायची तर आधी तिच्यावरच्या प्रत्येक जिवाची पाहणी व्हावी लागते. त्या रांगेत आज नंबर लावला तर अकरा-बारा वर्षं. पण ते तुम्ही लिहू नका. तुमचा कप्तानकीचा परवाना जाईल, दंड होईल, आणि त्या जेटीवर तुम्हाला पाय ठेवता येणार नाही. कधीच नाही.”

“परत एकदा सांगा, बाई. जरा हळू.”

तिने परत सांगितलं. लायल ऐकून घेत होता आणि ओठ हलवत होता, जणू पाठ करत होता.

“दुसरा रकाना,” तो म्हणाला. “मी बुडवली.”

तिने पेन खाली ठेवलं. गुरुवारी नऊ वाजता कुठे होता, विचारलं. बोटीवर, झडप उघडत होतो, तो म्हणाला. कोणती झडप? डावीकडची, मागची. त्याचे कान लाल झाले होते. चाळीस वर्षांत मी या माणसाला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्याला ते येत नव्हतं हे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही कळत होतं. बाईने माझ्याकडे बघितलं.

“तुमची बेकरी जेटीच्या तोंडाशीच आहे ना? गुरुवारी सकाळी तुम्ही यांना पाहिलंत?”

मी ट्रे खाली ठेवला. मला त्याची अर्धी टाकलेली पास्टी आठवत होती, मीच ती कचऱ्यात टाकली होती. मी म्हटलं, “दर गुरुवारी माझ्याकडे पास्टी खायला येतो. त्या दिवशी आलाच नाही. मला तेव्हाच शंका आली होती.”

बाईने समोरचे कागद चाळले. सगळ्या झडपा बंद सापडल्या, हे पाणबुड्याच्या अहवालात तिच्या पुढ्यातच लिहिलेलं होतं. तिने तो कागद उचलला, पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मग लायलकडे पेन दिलं. त्याने जपून, एकेक अक्षर लावून सही केली.

सही करून तो उठला, टोपी घातली आणि म्हणाला, “एकदा जाऊन येतो तिच्यावर. थर्मास राहिलाय बुधवारपासून.”

बाईने कागदाकडे बघितलं. तिला ते बोलणं जड गेलं, मी बघत होते. “सही झालीय, मिस्टर ओपी,” ती म्हणाली.

“हो का,” लायल म्हणाला. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की ती बंदी आत्तापासूनच.

थर्मास आणायला मी गेले. तो जेटीच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला आणि फाटकाची लोखंडी पट्टी आहे तिच्या अलीकडे बुटांची टोकं जुळवून उभा राहिला. डुकरिणीच्या डेकवर घोटाभर पाणी होतं. बूट हातात घेऊन मी शिडी चढले. कप्तानाची खोली इतकी स्वच्छ होती की मला अनवाणी आत जायलाही संकोच वाटला. खिडक्यांच्या काचा पुसलेल्या, पितळ चमकत होतं, आणि खिळ्याला टांगलेला कप धुतलेला होता. घरी कधी कप न विसळणाऱ्याने इथे धुऊन टांगलेला तो कप बघून मला नोलीनसाठी राग यायला हवा होता. मी तिथे उभी राहून रडले. मग थर्मास घेतला, दार लावलं आणि तीनशे मीटर चालत परत आले.

लायल तिथेच उभा होता. थर्मास घेतला, हलवून बघितला, अर्धा चहा होता. माझ्या खांद्यावरून त्याने एकदा तिकडे बघितलं.

“दार नीट ओढून घेतलंस ना?” त्याने विचारलं. “खालून अडकतं ते. जरा उचलून ओढावं लागतं.”

“उचलून ओढलं,” मी म्हटलं.